‘मला काही त्रास नाही’ : मधुमेहाविषयी वाचकांचे प्रश्न

मधुमेहाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. त्याला रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. काही वाचकांनी आपल्या गोळ्यांची नावे लिहून त्या बदलाव्यात का, असे विचारले आहे. ज्या रुग्णाला तपासलेले नाही त्याचे औषध पत्रातून बदलणे योग्य नाही, म्हणून ती पत्रे बाजूला ठेवली आहेत. उरलेल्यांपैकी ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल अशी पत्रे येथे घेतली आहेत. नावे वगळून फक्त गावे ठेवली आहेत.

माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. गावातल्या तपासणी शिबिरात त्यांची उपाशीपोटीची साखर १६८ आणि जेवणानंतरची २३६ निघाली. पण त्यांना तहान, थकवा, वारंवार लघवी असे काहीच होत नाही. सकाळी बागेचे शिंपणे ते अजून स्वतः करतात. ‘मला काही त्रास नाही, मग गोळ्या कशाला?’ असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगावे? (गुहागर)

तुमचे वडील खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच काही जाणवत नाही आणि या आजारातली खरी अडचण तीच आहे. रक्तातील ग्लुकोज साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर गेले की मूत्रपिंडांना ते सगळे परत शोषून घेता येत नाही, म्हणून ते लघवीत उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढून नेते आणि मग माणसाला वारंवार लघवी व तहान लागते. उतारवयात ही मर्यादा आणखी वर सरकते. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून अधिक दोनदा आली की मधुमेहाचे निदान होते, तहान मात्र त्याच्या बरीच पुढे सुरू होते. मधल्या पट्ट्यात माणूस कित्येक वर्षे ‘ठणठणीत’ राहतो आणि त्या वर्षांत शरीरात जे घडायचे ते घडत असते.

काय घडते ते त्यांना नीट समजावून सांगा. शरीरातल्या बहुतेक पेशी रक्तात ग्लुकोज जास्त झाले तर ते आत घेण्याचे प्रमाण कमी करू शकतात. डोळ्यांच्या पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या, मूत्रपिंडातील गाळण्या आणि लांब मज्जातंतू यांच्या पेशींना ते फारसे जमत नाही. रक्तात जेवढी साखर, तेवढी त्यांच्या आत शिरते आणि तिथली रासायनिक घडी विस्कटते. शिवाय जास्तीची साखर रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील प्रथिनांना चिकटून बसते. त्यामुळे त्या भिंती जाड होतात, त्यांचा लवचिकपणा जातो आणि बारीक वाहिन्या पाझरू लागतात. पडद्यावर असा पाझर सुरू झाला, तरी त्याचा मध्यबिंदू शाबूत असेपर्यंत माणूस वर्तमानपत्र आरामात वाचतो. मूत्रपिंडातून लघवीवाटे अल्ब्युमिन हे प्रथिन थोडे थोडे जाऊ लागते, पण मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तेव्हा बहुधा ‘नॉर्मल’च असते, कारण मूत्रपिंडांची जवळपास निम्मी क्षमता गेल्याखेरीज तो आकडा ठळकपणे वाढत नाही. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अशा रुग्णाला फक्त दम लागतो, घाम फुटतो, मळमळते आणि घरातले लोक पित्ताची गोळी देऊन मोकळे होतात.

आधी उपचार घेतल्याने फरक पडतो का, हा प्रश्न वडील नक्की विचारतील. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाचे नुकतेच निदान झालेल्या हजारो रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. १९९८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटाची साखर कसोशीने आटोक्यात ठेवली होती त्यात डोळे, मूत्रपिंडे अशा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी होते. पुढे दोन्ही गटांच्या साखरेतला फरक मिटला, तरी सुरुवातीला काळजी घेतलेल्यांना त्याचा फायदा नंतरही अनेक वर्षे मिळत राहिला. म्हणून काही त्रास नसतानाचा काळ हाच उपचारांसाठी सर्वांत मोलाचा आहे.

आता करायचे ते असे. दोन्ही साखरा पुन्हा तपासून घ्या आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणीही करून घ्या. लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर, रक्तातील क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि ईसीजी या तपासण्या करून घ्या. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कारण टाइप २ मधुमेहात निदानाच्या वेळीच पडद्यावर खुणा सापडू शकतात. भीती घालून माणूस गोळ्या घेऊ लागतो असा माझा अनुभव नाही. आपल्याच डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र किंवा आपल्याच लघवीचा अहवाल समोर ठेवला की पुष्कळ जण ऐकतात. पडद्याची तपासणी आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी पुढे दर वर्षी करावी लागेल.

मी ५४ वर्षांचा शेतकरी असून आठ वर्षांपासून मेटफॉर्मिन घेतो. पाऊस सुरू झाला की चिखलणी-लावणीत दिवसभर अनवाणी उभा असतो. बोटांच्या बेचक्यांत दर वर्षी चिखल्या होतात, पण यंदा त्या दुखतच नाहीत. तळव्याला कापसावर चालल्यासारखे वाटते. मागे टाचेत काचेचा तुकडा गेला, तो रक्त दिसल्यावर कळला. हे मधुमेहामुळे असेल का? (लांजा)

असण्याची शक्यता खूप आहे, आणि या सदराकडे आलेल्या सगळ्या पत्रांत मला तुमच्या पत्राची सर्वांत जास्त काळजी वाटते. चिखल्या दुखत नाहीत याचा अर्थ त्या सौम्य आहेत असा होत नाही. वेदना तुमच्यापर्यंत पोहोचवणारे मज्जातंतूच मंद झाले आहेत. सर्वांत लांब मज्जातंतू पायांचे असल्यामुळे बधिरपणा बोटांच्या टोकांपासून सुरू होतो आणि हळूहळू मोजा घातल्यासारखा वर चढतो. याच मज्जातंतूंपैकी काही घामाच्या ग्रंथी चालवतात. त्या बंद पडल्या की त्वचा कोरडी होऊन टाचांना भेगा पडतात. पायाचे लहान स्नायू दुबळे झाले की बोटे वाकडी होतात, तळव्याच्या एकाच जागी भार पडतो, तिथे कुरूप होते आणि कुरुपाखाली जखम दडते. वर धमन्याही अरुंद झालेल्या असतील तर ती जखम भरून काढण्यासाठी लागणारे रक्त तिथे पोहोचत नाही. पाय कापावे लागण्याचे प्रसंग बहुतेकदा अशाच एखाद्या क्षुल्लक, न दुखलेल्या जखमेपासून सुरू होतात.

प्रथम पाय तपासून घ्या. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा बारीक धागा तळव्याच्या ठरावीक जागी टेकवतात आणि तो जाणवतो का हे तुम्ही डोळे मिटून सांगायचे असते. कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवून आणि पायाच्या नाड्या हाताने चाचपून बाकीचा अंदाज घेता येतो. या तपासणीला मोठे यंत्र लागत नाही, त्यामुळे ती तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते. त्याबरोबर रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व अवश्य तपासा. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते आणि त्यानेही असाच बधिरपणा येतो. तुमच्या बधिरपणात त्याचा वाटा असेल, तर तेवढा भाग औषधाने सुधारण्यासारखा आहे. मात्र त्या भीतीने मेटफॉर्मिन परस्पर बंद करू नये.

शेती सोडा, असे मी सांगणार नाही. कोकणात ते सांगणे सोपे आणि पाळणे अशक्य असते. पण अनवाणी चिखलात उतरणे यापुढे बंद करावे लागेल. गुडघ्यापर्यंतचे गमबूट चिखलणीत रुततात, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. तरीही निदान बांधावर, गोठ्यात आणि तरवा काढताना ते वापरता येतात आणि प्रत्यक्ष लावणीचे काम शक्य तेवढे घरातल्या दुसऱ्या माणसावर सोपवता येते. बूट घालण्यापूर्वी आत हात घालून पाहा. खडा, खिळा किंवा पावसात आसऱ्याला आलेला विंचू तुमच्या पायाला कळेलच असे नाही. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन बेचक्या सुती फडक्याने कोरड्या करा. चिखल्यांना डॉक्टरांनी दिलेले बुरशीविरोधी मलम सांगितलेले सगळे दिवस लावा. खाज थांबली की मलम बंद करण्याची सवय आपल्याकडे फार आहे. टाचांना रोज रात्री खोबरेल तेल चालेल, बेचक्यांत मात्र ते घालू नका. कुरूप ब्लेडने कापणे, पाय चुलीजवळ शेकणे आणि गरम पाण्याच्या पिशवीने ऊब घेणे, या तिन्ही गोष्टी तुम्हाला वर्ज्य आहेत. पाय धुण्याचे पाणी किती गरम आहे ते कोपर बुडवून पाहावे.

रोज रात्री झोपण्यापूर्वी तळवे उजेडात पाहा, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा. लाली, सूज, पू, दुर्गंधी, काळा पडलेला भाग किंवा ताप यांपैकी काहीही दिसले, तर गौरी-गणपती झाल्यावर जाऊ असे म्हणू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. पाय सुजून गरम झाला आणि तरीही फारसा दुखत नसेल, तर हाडे-सांधे खचण्याचा एक विकार असू शकतो. त्यात पायावर भार देऊन चालणेच घातक असते. आणखी एक गोष्ट म्हणजे पायाला भेगा वा जखमा असताना भातशेतीच्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही शरीरात शिरतात. लावणीच्या दिवसांत अंगदुखीसह ताप आला तर डॉक्टरांना शेतातल्या कामाचा आणि मधुमेहाचा असा दोन्हींचा उल्लेख आवर्जून करा.

महिन्याभरापूर्वी मधुमेहाचे निदान होऊन गोळ्या सुरू झाल्या. साखर ३२० वरून १५० वर आली, पण नजर उलट धूसर झाली. गोळ्यांमुळे डोळे बिघडले का? नवा चष्मा करावा का? (पेण)

रक्तातील साखर जास्त असते तेव्हा डोळ्यातील भिंगात पाणी मुरून त्याचा आकार बदलतो आणि साखर झपाट्याने खाली आली की तो पुन्हा बदलतो. दोन्ही वेळा चष्म्याचा नंबर हलतो. म्हणून साखर स्थिर होऊन चार-सहा आठवडे होईपर्यंत चष्मा करू नये, तो वाया जातो. पडद्याची तपासणी मात्र आत्ताच करून घ्या, तिचा चष्म्याशी संबंध नाही. डोळ्यांसमोर अचानक काळे ठिपके, जाळे किंवा पडदा आल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

आमची हापूसची बाग आहे. दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत माझी साखर वाढते आणि घरात माझ्या ताटातल्या आंब्यावरून भांडण होते. मधुमेही माणसाने आंबा पूर्ण सोडावा का? (देवगड)

बागाईतदाराला आंबा सोडायला सांगणारा डॉक्टर देवगडात फार दिवस टिकणार नाही. सुदैवाने तसे सांगण्याचे कारणही नाही. १०० ग्रॅम आंब्याच्या गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदके असतात. मध्यम आकाराच्या हापूसमधून दीडशे ग्रॅमच्या आसपास गर निघतो, म्हणजे सगळा आंबा खाल्ला तर वीस-बावीस ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. एका वाटी भाताचा हिशोबही याच्या आगेमागेच येतो. गोंधळ होतो तो आंबा जेवणात वाढवला जातो म्हणून, आणि आमरसामुळे. रस वाटीवाटीने घेता घेता दोन-तीन आंबे जातात, वर कोणी साखर घालते, सोबत पुऱ्या असतात आणि शेवटी थोडा दहीभातही होतो.

ज्यांची साखर बऱ्यापैकी आटोक्यात आहे त्यांनी अर्धा हापूस फोडी करून खावा आणि त्या दिवशीच्या जेवणातला भात तेवढ्याने कमी करावा. जेवणावर फळ म्हणून खाण्यापेक्षा सकाळी किंवा दुपारी मधल्या वेळी खाल्लेला बरा. दोन तासांनी साखर तपासली की आपल्या शरीराला किती चालते ते आपल्यालाच कळते. तपासण्यापूर्वी हात मात्र साबणाने धुवा. आंबा कापलेल्या बोटाचे रक्त घेतले की बोटावरच्या रसामुळे ग्लुकोमीटर भलताच आकडा दाखवतो आणि भांडण आणखी वाढते. पिकलेल्या फणसाच्या गऱ्यांना हाच नियम लागू आहे. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी त्या मानाने निर्धोक आहे. आंबापोळी आणि फणसपोळी यांत पाणी उडून साखर दाट झालेली असते, तेव्हा त्यांचा छोटा तुकडाही मोजूनच खावा.

या निमित्ताने भाताविषयी आलेल्या काही पत्रांनाही उत्तर देतो. उकड्या तांदळाचा भात सुरय (न उकडलेल्या) तांदळाच्या भातापेक्षा साखर थोडी सावकाश वाढवतो, परंतु तो अमर्याद खाण्याइतका फरक त्यात नाही. नाचणीची भाकरी चांगली, पण नाचणीची पातळ आंबील किंवा मऊ पेज लवकर पचते आणि साखरही लवकर चढवते. सकाळच्या पेजेबरोबर मोड आलेली कडधान्ये किंवा अंडे असावे, जेवणात कुळथाची पिठी असावी. बांगडा, तारली हे मासे कालवणात उत्तम आहेत. खारवलेल्या सुक्या मासळीतले मीठ मात्र रक्तदाब वाढवते आणि मधुमेहात मूत्रपिंडांना साखरेइतकाच धोका रक्तदाबापासून असतो. ज्यांची मूत्रपिंडे आधीच कमजोर आहेत त्यांनी शहाळ्याचे पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

आमच्याकडे सप्तरंगीच्या मुळाचा काढा मधुमेहावर देतात. शेजाऱ्यांच्या अंगणात इन्सुलिनचे झाड आहे, त्याची पानेही लोक चावून खातात. यांत तथ्य आहे का? (कुडाळ)

दोन्ही वनस्पतींचे उत्तर सारखे नाही. सप्तरंगीत पिष्टमय पदार्थांचे आतड्यात साखरेत रूपांतर करणाऱ्या विकरांना मंद करणारी द्रव्ये आहेत, हे संशोधनातून दिसलेले आहे. काही आधुनिक गोळ्यांचे कामही याच रीतीने चालते. त्यामुळे काढ्याने जेवणानंतरची साखर थोडी कमी झाली तर नवल नाही. पण काढ्यात द्रव्य किती उतरले हे मूळ कोणते, किती आणि किती उकळले यावर अवलंबून असते. साखर कमी करणाऱ्या इतर औषधांच्या जोडीला तो घेतला, तर साखर नको तितकी उतरूही शकते. शिवाय मागणी वाढल्याने रानातून सप्तरंगीची मुळे खणून नेली जातात, तेही मला खटकते.

‘इन्सुलिनचे झाड’ हे नाव फसवे आहे. इन्सुलिन हे प्रथिन असल्यामुळे तोंडावाटे घेतले तर पोटात त्याचे पचन होते. याच कारणाने ते आजही बहुधा टोचूनच घ्यावे लागते. ज्यांना इन्सुलिन सुरू आहे त्यांनी त्याऐवजी पाने खाणे जिवावर बेतू शकते. काढा किंवा पाने घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, आणि चालू औषध त्यांच्या भरवशावर बंद करू नका, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.

माझी आई ७० वर्षांची आहे. ती ग्लिमेपिराइडची गोळी घेते. श्रावणी सोमवारी उपवास होता. दुपारी तिला दरदरून घाम सुटला, ती असंबद्ध बोलू लागली. शेजारच्या बायका म्हणाल्या बाहेरची बाधा आहे, म्हणून गाऱ्हाणे घातले. पुढे दवाखान्यात साखर ४४ निघाली. यापुढे काय करावे? (मालवण)

देवाला गाऱ्हाणे घालायला माझी हरकत नाही, परंतु त्याआधी साखरेचे पाणी द्यावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि पोटात अन्न नसले तरी त्यांचे काम थांबत नाही. म्हणून उपवासाच्या दिवशी ही गोळी नेहमीप्रमाणे घेतली की साखर कोसळते. नुसत्या मेटफॉर्मिनने हा धोका सहसा येत नाही. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड आणि भूक जाणवते. आणखी खाली गेली की मेंदूला इंधन अपुरे पडून माणूस चिडतो, बरळतो, झोपाळतो. वयस्कर माणसांत घाम-थरथर ही सूचना न मिळता थेट बरळणेच सुरू होऊ शकते आणि मग ‘बाधा’ वाटते.

अशा वेळी ग्लुकोमीटर शोधत बसू नका. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, साखर अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या आणि मग काहीतरी खायला द्या. पेढा किंवा चॉकलेट उपयोगी नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. आई व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषधही घेत असतील तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, म्हणून घरात ग्लुकोजची पावडर ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून रुग्णालयात न्यावे. या गटातील गोळ्यांमुळे उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा घसरू शकते, विशेषतः मूत्रपिंडे कमजोर असतील तर, म्हणून त्या दिवशी देखरेख लागते.

आईंच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. सत्तरीनंतर त्यांना हीच गोळी हवी का, की साखर कमी न पडू देणारी दुसरी चालेल? आणि उपवास करायचाच असेल तर त्या दिवशी कोणती गोळी वगळायची? या वयात साखर फार खाली आणण्याचा अट्टहास अनावश्यक असतो. एचबीएवनसी ७ च्या थोडे वर राहिले तरी चालते, पण तोल जाऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे परवडत नाही.

घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची साखर ११०-११५ येते, पण एचबीएवनसी ७.४ आले. हिमोग्लोबिन ८.६ आहे. यांपैकी खरे काय मानावे? (चिपळूण)

तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि तेवढ्या काळात तिच्यातील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे एचबीएवनसी सांगते. ७.४ म्हणजे सरासरी साखर १६५ च्या आसपास. तुमच्या बाबतीत दोन शक्यता आहेत. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात हा आकडा वास्तवापेक्षा जास्त दिसू शकतो. दुसरी शक्यता अशी की उपाशीपोटीची साखर बरी आणि जेवणानंतरची वाढलेली असेल. ती तुम्ही मोजलेलीच दिसत नाही. आठवडाभर दोन्ही जेवणांनंतर दोन तासांनी साखर तपासून लिहून ठेवा. रक्तक्षयाचे कारण शोधून त्यावर उपचार घ्या आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावर एचबीएवनसी पुन्हा करा. याउलट नुकतेच रक्त चढवलेले असेल किंवा सिकलसेलसारखा विकार असेल, तर हा आकडा खोटा दिलासा देतो.

मी मच्छीमार आहे. वय ३९, वजन ५५ किलो, अंगमेहनतीचे काम. आमच्या घराण्यात कोणी जाडा नाही. तरी मला मधुमेह कसा झाला? (हर्णे)

भारतीय माणसाचा सडपातळपणा फसवा असू शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे अनेक वर्षांच्या संशोधनातून मांडले आहे. त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे कमी वजनाच्या बाळांतही स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त आढळते. ही चरबी पोटात, यकृताभोवती साठते आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेचा घेर मोजा. भारतीय पुरुषांत तो ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असणे धोक्याचे मानतात. कोकणालगतच्या गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. किनाऱ्यावरच्या माणसाला आपोआप संरक्षण असते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

मात्र तुमचे वय आणि वजन पाहता दुसरी कारणेही तपासावीत. वजन घटत असेल, पोटात वारंवार दुखून पाठीकडे कळ जात असेल किंवा शौच तेलकट होत असेल, तर स्वादुपिंडात खडे असू शकतात. त्यासाठी सोनोग्राफी लागते. स्वतःच्या शरीरात इन्सुलिन किती तयार होते हे सी-पेप्टाइडच्या तपासणीने कळते. शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा टाइप १ मधुमेह मोठ्या वयातही होतो. बोटीवर दिवसेंदिवस राहावे लागत असल्यास गोळ्या, ग्लुकोजची पावडर आणि प्यायचे पाणी यांची पिशवी वेगळी ठेवा आणि सोबतच्या किमान एका खलाशाला आजाराची कल्पना द्या.

मला मधुमेह आहे आणि लहानपणापासून मशेरीची सवय आहे. बिडी-सिगारेट कधी ओढली नाही. मशेरीचा साखरेशी काही संबंध आहे का? (मंडणगड)

आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आणि तिच्यातले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते. ते रक्तवाहिन्या आकसवते आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करते. मधुमेहाने हिरड्या आधीच दुबळ्या होतात, त्यात मशेरीची भर पडते आणि हिरड्यांतला जंतुसंसर्ग साखर आणखी वाढवतो. तोंडाच्या कर्करोगाचा धोका निराळाच. सवय एका दिवसात सुटणार नाही हे मान्य आहे. दिवसातून चार वेळा लावत असाल तर पहिल्यांदा दुपारची आणि संध्याकाळची सोडा, दंतवैद्यांना हिरड्या दाखवा आणि तंबाखू सोडण्यासाठी मिळणाऱ्या औषधांविषयी डॉक्टरांना विचारा.

माझ्या १४ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा ती निरोगी होती, पण आता दर पावसाळ्यात मला धास्ती वाटते. फ्रीज बंद पडला तर इन्सुलिन कसे टिकवायचे? (श्रीवर्धन)

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ तुमच्याच किनाऱ्यावर आदळले होते. मे २०२१ मध्ये तौक्ते आणि त्याच वर्षी जुलैत चिपळूणचा पूर आला, तेव्हा तुमची धास्ती अनाठायी नाही. दिलासा देणारी गोष्ट अशी की वीज गेली म्हणून इन्सुलिन लगेच वाया जात नाही. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्यात. वापरात असलेली बाटली किंवा पेन मात्र सावलीच्या थंड जागी साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते. बहुतेक प्रकारांसाठी मर्यादा २५ ते ३० अंशांची असते, तरी खोक्यातील माहितीपत्रक वाचून नेमका काळ पाहा. पावसाळ्यात कोकणातले घर बहुधा या मर्यादेच्या आसपासच असते. खरी परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत असते.

उन्हाळ्यात मातीचे मडके उपयोगी पडते. मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात छोटे मडके बसवावे, बाटल्या घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून त्यात ठेवाव्यात आणि वाऱ्याच्या जागी ठेवून वाळू ओली राखावी. दमट हवेत पाणी नीट उडत नाही, त्यामुळे ऐन पावसात या मडक्याचा फारसा फायदा होत नाही, पण त्या दिवसांत गरजही कमी असते. बर्फात इन्सुलिन ठेवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निरुपयोगी ठरते, म्हणून चालू फ्रीजमध्येही ते बर्फाच्या कप्प्याला टेकून नसावे. एसटीच्या खिडकीत, गाडीच्या डिकीत, कौलांखालच्या माळ्यावर बाटल्या ठेवू नयेत. पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ झाले किंवा दुधाळ इन्सुलिनमध्ये हलवूनही गुठळ्या राहिल्या तर ते टाकून द्यावे.

टाइप १ मध्ये इन्सुलिन एक दिवसही पूर्ण बंद करता येत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले तो लेनर्ड थॉम्पसन तुमच्या मुलीच्याच वयाचा होता. त्यापूर्वी या आजाराची मुले फार काळ जगत नसत. मुलगी आजारी असली, जेवली नसली, उलट्या होत असल्या तरी मूळ डोस चालूच राहतो, प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावे लागते. उलट्या, पोटदुखी, धाप आणि श्वासाला फळासारखा वास ही कीटोॲसिडोसिसची, म्हणजे इन्सुलिन अपुरे पडून रक्तात कीटोन ही आम्ले साठण्याची, लक्षणे आहेत. ती दिसली की रात्र उलटण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मृगापूर्वी महिनाभराचा जादा साठा, सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि कीटोनच्या पट्ट्या घरात आणून ठेवा. त्यांपैकी थोडा भाग गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडेही ठेवा, म्हणजे रस्ता बंद झाला तरी दोन्ही बाजूंनी सोय राहील. प्रत्येक बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहा आणि मुलीच्या शाळेत, वर्गशिक्षकांकडे, डोसाचा कागद आणि तुमचा दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवा.